ग्रेट डेन घरी आणण्यापूर्वी

नावात डेन्मार्कचा उल्लेख असला तरी ‘ग्रेट डेन’ ही श्वानजात मूळची जर्मनीची. रानडुकरांच्या शिकारीसाठी ती तेथे जोपासली गेली. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी किमान ८० सेंटिमीटर उंच आणि वजनाने ५५ ते ८० किलो, म्हणजे प्रौढ माणसाच्या तोडीचा असतो. स्वभाव मात्र कमालीचा मवाळ. घरातील माणसांना खेटून बसावे, जमल्यास मांडीवरही चढावे, ही त्याची हौस. शहरांतील अनेक कुटुंबांना त्याचा मोह पडतो तो यामुळेच.

जन्मतः अर्धा-पाऊण किलोचे हे पिल्लू वर्षभरात पन्नास किलोच्या आसपास पोहोचते. हाडांची वाढ त्यानंतरही काही महिने चालू राहते. आपल्याकडे पिल्लू ‘धष्टपुष्ट’ व्हावे म्हणून प्रेमापोटी दूध, अंडी आणि वर कॅल्शियमचे टॉनिक देण्याची रीत आहे. या जातीच्या बाबतीत तीच घातक ठरते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९७४ मध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मनसोक्त खाऊ घातलेल्या पिल्लांत हाडांचे विकार आढळले. बेताच्या आहारावरील पिल्लांची हाडे अधिक सुदृढ राहिली. लहान पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियमचे शोषण रोखता येत नाही. म्हणून महाकाय जातींच्या पिल्लांसाठी तयार केलेला आहार मोजून द्यावा आणि पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय कोणतेही टॉनिक देऊ नये. पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागाव्यात, हे प्रमाण चांगले. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून सांध्यांना इजा होते, तेव्हा वावरण्याच्या वाटेवर जाड चटया अंथराव्यात.

या श्वानाचा खरा वैरी मात्र त्याच्या पोटातच असतो. ग्रेट डेनच्या खोल छातीत जठर वायूने फुगते आणि कधीकधी स्वतःभोवती पीळ घेते. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत प्राणी दगावू शकतो. अस्वस्थ येरझाऱ्या, ताठ फुगलेले पोट, तोंडातून गळणारी लाळ आणि ओकारीचा प्रयत्न करूनही काहीच बाहेर न पडणे, ही त्याची लक्षणे. ‘अपचन असेल, सकाळी पाहू’ असे म्हणणे येथे जिवावर बेतते. दिवसाचे अन्न एकाच वेळी न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे आणि घाईघाईने गिळू देऊ नये. भांडे उंच स्टुलावर ठेवल्यास धोका टळतो, हा समज बराच रूढ आहे. पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचावरील भांड्यांमुळे धोका वाढल्याचे दिसले. जठर पोटाच्या भित्तिकेला टाके घालून जखडण्याची शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे. नसबंदीच्या वेळीच ती करून घेता येते. तिने फुगणे थांबत नाही, पण पीळ पडण्याची शक्यता फारच कमी होते. रात्री उघडा असणारा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, याची चौकशी पिल्लू आणण्याआधीच करावी.

खर्चाचा हिशेबही वजनावर चालतो. जंतनाशक असो, प्रतिजैविक असो वा भूल, मात्रा किलोंनुसार ठरते आणि देयकही तसेच फुगते. पिल्लाची किंमत हा त्यातील अगदी किरकोळ भाग. पहिल्या महिन्यापासून त्याच्या नावाने छोटी आवर्ती ठेव सुरू करणे शहाणपणाचे. पाळीव श्वानांचा विमाही मिळतो, मात्र वयोमर्यादा व वगळलेले आजार नीट वाचावेत.

आणि हा सहवास अल्प असतो. ग्रेट डेनचे आयुष्य बहुधा सात ते दहा वर्षांचे. जगातील सर्वांत उंच श्वान म्हणून गिनेस बुकात नोंदला गेलेला अमेरिकेतील ‘झ्यूस’ २०१४ मध्ये पाच वर्षांचा असतानाच गेला. दुसरीतल्या मुलाने हट्टाने आणलेले पिल्लू तो महाविद्यालयात जाण्यापूर्वीच म्हातारे झालेले असते. मागच्या पायांतील बळ ओसरले की साठ किलोंचा देह एकट्याने उचलता येत नाही. अशा वेळी पोटाखालून जाड चादर घालून दोघांनी दोन्ही टोके धरायची आणि त्याच्या चालीने, न ओढता, अंगणापर्यंत न्यायचे.