सोंगाड्या कोणाच्या बाजूचा?

माझे चुलते तमाशाच्या फडात सोंगाड्याचे काम करीत. कॉलेजात असताना मी ही गोष्ट लपवीत असे. शिरूर तालुक्यातल्या जत्रांतून रात्री ते वगातल्या राजाची टर उडवीत आणि समोर बसलेले गावकारभारी पोट धरून हसत. सकाळी त्यांच्याच दारात चुलत्यांना चहा मिळे तो वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. "रातचं राज्य येगळं, सकाळचं येगळं," एवढेच ते म्हणत. पुढे घरातला पहिला पदवीधर होऊन दौंडला शिकवू लागलो, तेव्हा या वाक्यात सबंध समाजव्यवस्था आहे हे मला उमगले.

सोंगाड्या म्हणजे केवळ हसवणारा नट नव्हे. तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्णाबरोबर पेंद्या अडवतो आणि लुगडे नेसलेला पुरुष मावशी होऊन त्याला उत्तर देतो. वगात सोंगाड्या राजाचा शिपाई किंवा नोकर होतो. त्याचे बरेचसे बोलणे आयत्या वेळचे असते. 'प्रजेचे हाल पाहून ये,' असा हुकूम झाला की चुलते जागचे हलत नसत, स्वतःकडे नजर टाकून म्हणत, "बघितलं, म्हाराज!"

तमाशा ही मुख्यतः महार-मांगांची कला. सत्तेला बोलण्याची मुभा त्यांना होती. पण ती सोंगापुरती, रात्रीपुरती. अशी मुभा व्यवस्थेला परवडते. हसून मोकळे झालेले गाव सकाळी पुन्हा आपापल्या पायरीवर जाऊन बसते.

ही चौकट जोतीराव फुले यांनी मोडली. संस्कृत नाटकातला विदूषक बहुधा ब्राह्मण आणि राजाचा मित्र. 1855 च्या 'तृतीय रत्न' मध्ये जोतीरावांचा विदूषक कुणबी जोडप्याला लुबाडणाऱ्या भटाची लबाडी प्रेक्षकांसमोर उघडी पाडतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि विसाव्या शतकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन आशय बदलला. शृंगार गेला, सवाल-जवाब राहिले. अंधश्रद्धा, अस्पृश्यता, शिक्षण हे विषय झाले. आता स्वतःच्या गुलामगिरीलाही हसायचे होते. हे हसू सकाळीही टिकणारे होते.

नागर रंगभूमीने सोंगाड्याला डोक्यावर घेतले ते वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या 1965 च्या लोकनाट्यातून. दादा कोंडके यांचे यश निर्विवाद होते. पण रात्र आणि सकाळ यांतले जे अंतर, म्हणजे जात, ते त्या हास्यात उरले नाही.

आज शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला जावे. तिथल्या संगीतबारीत लावणी आहे. वग नाही, म्हणून सोंगाड्याही नाही. कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी फडांना वग लिहून दिले; त्या फडांतही सिनेमाच्या गाण्यांनी वगाचा वेळ खाल्ला आहे.

मग पुनरुज्जीवन कशाला म्हणायचे? 2012 मध्ये आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाकडे पाहावे. संकल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. कलावंत बरेचसे जालन्याकडचे शेतकरी. शिवाजीराजांना न्यायला आलेल्या यमाची त्यात फजिती होते, कारण राजांचे विचार त्याच्या हाती लागत नाहीत. इथे हसता हसता प्रेक्षकाला विचारले जाते की हे विचार आज कोणाच्या डोक्यात आहेत?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात माझ्या विद्यार्थ्यांनी विनोदी प्रवेश केला. हशा होता तो गावाकडच्या बोलीवर आणि मुलीच्या काळ्या रंगावर. हा सोंगाड्या बलवानाच्या बाजूला गेलेला होता. मी त्यांना चुलत्यांची गोष्ट प्रथमच सांगितली. प्रवेश बसवताना इतकेच विचारा, म्हटले, की हसणारा कोण आणि ज्याला हसतो तो कोण. एका मुलीने विचारले, "सर, त्या कपावर प्रवेश बसवला तर चालेल?"

यंदा ती मुले तोच बसवीत आहेत.