विश्लेषण : वर्गात चित्रफीत लावली, पण मुले शिकली का?

१९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत रोपाच्या वाढीची छोटी चित्रफीत तयार केली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. हेतू साधा होता. चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि पैसे देणाऱ्याला आपले कसब दाखवायचे होते. कर्ज मिळाले, पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पण अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवणारी ती चित्रफीत पाहिली, तर तो विज्ञानाचा उत्तम पाठच होता.

आज भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीला लागून असलेल्या एखाद्या शाळेतही शिक्षकाच्या खिशात फाळक्यांपेक्षा सोयीचा कॅमेरा असतो. अनेक शाळांच्या भिंतीवर टीव्ही संच आहे, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहे, ‘दीक्षा’ आहे, यूट्यूब तर आहेच. तरी पालकांच्या सभेत प्रश्न येतोच : ‘‘गुरुजी, टीव्ही तर लागला, पण पोरगा शिकला का?’’ प्रश्न रास्त आहे.

शाळेत पडदा आला कसा?

‘आता पुस्तके कालबाह्य होणार, शाळा दहा वर्षांत पार बदलणार’ अशा आशयाचे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्येच सिनेमाच्या भरवशावर केले होते. शाळा काही बदलल्या नाहीत. भारतात मोठा प्रयोग झाला तो ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीवरून शेती, आरोग्य आणि शालेय शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्यात आले. शेजारच्या रायपूर भागातली गावे त्यात होती, महाराष्ट्र नव्हता.

महाराष्ट्राची पाळी आली १९८४ मध्ये, पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली तेव्हा. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना सकाळी दूरदर्शनवर लागणारे ते कार्यक्रम आठवत असतील. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. मजा म्हणजे (खरे तर मजा कसली!) त्याच सुमारास राज्यभर ‘डिजिटल शाळां’चा गजर सुरू होता. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर लोकसहभागातून, म्हणजे गावकऱ्यांच्या वर्गणीतून, शाळाशाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब्लेट आले. पडदे घरोघरी आणि शाळोशाळी पोहोचत असताना मराठीत मुलांसाठी कार्यक्रम घडवणारे घर मात्र बंद झाले. यंत्रासाठी वर्गणी मिळते. त्यावर काय दाखवायचे, यासाठी कोणी वर्गणी काढत नाही.

एक उजळ नाव या प्रवासात घ्यावेच लागेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले.

पडद्यावर पाहिलेले जास्त लक्षात राहते, हे खरे का?

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक तक्ता हमखास दाखवला जातो : वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, आणि असेच पुढे. खाली एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचे नाव असते. डेल यांनी १९४६ च्या आपल्या पुस्तकात अनुभवांचा एक शंकू काढला होता, हे खरे. पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. हे आकडे नंतर कोणीतरी चिकटवले आणि ते जगभर फिरत राहिले. तुमच्या शाळेच्या भिंतीवर हा तक्ता असेल तर तो खुशाल उतरवा.

मग संशोधन काय सांगते? रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडलेले मत आजही वादाच्या केंद्रस्थानी आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : माध्यम म्हणजे किराणा पोहोचवणारी गाडी. माणसाचे पोषण किराण्याने होते, गाडी कोणती होती याने नाही. म्हणजे वाईट पाठ मोठ्या पडद्यावर दाखवला तर तो मोठ्या आकाराचा वाईट पाठ होतो, इतकेच.

हे मत थोडे टोकाचे आहे. काही गोष्टी पडद्याशिवाय दाखवताच येत नाहीत. हृदयाच्या झडपांची उघडझाप, ज्वालामुखी, भरती-ओहोटी. भंडाऱ्याच्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. लाटा कशा येतात-जातात हे फळ्यावर खडूने किती सांगणार? जे फार लहान, फार मोठे, फार दूरचे, फार हळू किंवा फार वेगवान आहे, तिथे चित्रफितीला तोड नाही. पण वैनगंगा दाखवायला चित्रफीत कशाला? तिच्या काठी जाता येते.

रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून आणखी काही उपयोगी गोष्टी हाती येतात. चित्र आणि त्याचे बोलून केलेले वर्णन यांची जोडी चांगली जमते. पण जे बोलले जाते तेच अक्षरशः पडद्यावर लिहूनही दाखवले, तर नवशिक्याचे लक्ष विभागते. मागे सतत वाजणारे संगीत, उड्या मारणारी कार्टून, चमकणारी अक्षरे यांनी मूल रमते, मुद्दा निसटतो. तुकडे करून, मध्ये थांबत दाखवलेली फीत सलग फितीपेक्षा जास्त समजते. यूट्यूबवरच्या अनेक ‘शैक्षणिक’ फिती या कसोटीवर सपशेल नापास होतील. जिथे गाणे जोरात आणि रंग भडक, तिथे हात आखडता घेतलेला बरा.

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न विचारला. त्याच वर्षी स्वीडनने शाळांमध्ये छापील पुस्तकांकडे पुन्हा वळण्याचा निर्णय घेतला. पडद्यांची कमतरता नसलेला तो देश आहे.

भंडाऱ्याच्या मुलाला पडद्यावर काय दिसते?

इथे खरी मेख आहे. तयार चित्रफितींतली मराठी बहुधा पुण्या-मुंबईची असते. साकोली, लाखनी, लाखांदूरच्या मुलांच्या घरात झाडीबोली असते. तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ पुण्यासारखे उच्चारले जात नाहीत, शेतीचे, पाण्याचे, स्वयंपाकाचे शब्द वेगळे असतात. या बोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वेचले. पहिली-दुसरीच्या मुलाला पडद्यावरचा आवाज परका वाटला तर ते चित्र पाहते, शब्द सोडून देते. अशा वेळी आवाज बंद करून शिक्षकाने आपल्या बोलीत सांगणे, हा उपाय फुकट आहे आणि कामाचा आहे.

दुसरी गोष्ट आशयाची. फितीतले शेत म्हणजे गहू किंवा ऊस, तलाव म्हणजे शहरातले कारंजे. इकडे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, गावोगावी आहेत. पाणी अडवण्याची ती जुनी व्यवस्था हा भूगोलाचा, इतिहासाचा आणि गणिताचाही धडा आहे. पवनीत १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. पण पवनीतला विद्यार्थी स्तूप शिकतो तो सांचीची फीत पाहून. सांची जरूर दाखवा. मात्र त्याच आठवड्यात मुलांना टेकडीवर न्या.

आणि हा जिल्हा प्रेक्षकांचा आहे, हे विसरू नये. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके पाहत वाढलेली ही मुले आहेत. नाटक संपल्यावर कोणी चांगले काम केले, कोणाचे फसले, यावर पारावर चर्चा होते. पाहिलेल्यावर बोलायची सवय मुलांना घरूनच आहे. वर्गात मात्र फीत संपली की पुढचा तास सुरू होतो.

मग वर्गात करायचे काय?

समजा विषय आहे बियांचे अंकुरण. नेहमीची पद्धत : फीत लावा, मुले शांत बसतात, शिक्षक हजेरीचे काम उरकतात. (शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, ऑनलाइन माहिती भरण्याचा भार पाहिला की फीत लावून मिळालेली दहा मिनिटे त्यांना सुटका वाटणारच.)

दुसरी पद्धत अशी. आधी मुलांना विचारा : आधी मूळ येते की कोंब? हात वर करून मते घ्या, फळ्यावर आकडा लिहा. मग दोन मिनिटांचा तुकडा दाखवा आणि नेमक्या जागी थांबवा. पुढे काय होईल? पुन्हा मते. मग पुढचा तुकडा. शेवटी प्रत्येकाने न बघता आकृती काढायची. एकूण फीत पाच-सहा मिनिटांची, तास मात्र चाळीस मिनिटांचा. थांबवायचे कळ दाबणारे बोट, हेच या सगळ्यातले महत्त्वाचे उपकरण आहे.

तिसरी पद्धत फाळक्यांची. विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच दिवसांत घरोघरी धानाचे पऱ्हे टाकण्याची लगबग असते. मूठभर धान भिजवून ओल्या कापडावर ठेवायचे, जुना मोबाइल विटांच्या आधाराने पक्का बसवायचा, चार्जर लावून ठेवायचा आणि टाइमलॅप्स सुरू करायचे. दोन-तीन दिवसांत कोंब दिसू लागतो. ती सोय मोबाइलमध्ये नसेल तर दर तासाला एक फोटो. पाळ्या मुलांनीच लावायच्या. या फितीला निवेदन मुलांचे, घरच्या बोलीत. ती किती देखणी झाली याला महत्त्व नाही. फोटो चुकला, मोबाइल हलला, कापड वाळले, तर का वाळले हाही पाठच.

टाळेबंदीत या दिशेने एक मोठे काम मराठीत झाले होते. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आणली. आठ इयत्ता, प्रत्येकी ६० भाग. फळ्यासमोर उभे राहून शिकवणारा शिक्षक त्यात नव्हता. घरातल्या वस्तू घेऊन मुले आणि मोठी माणसे काहीतरी करून पाहत. इंटरनेट नसलेल्या घरातही ती दिसत होती. हे भाग आजही वर्गात वापरण्याजोगे आहेत.

वर्गात सिनेमा दाखवणे कायदेशीर आहे का?

हो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सवलत आहे. शाळेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील, तर तो हक्कभंग ठरत नाही. गावाला तिकीट लावून दाखवला तर ठरेल. चोरीची प्रत वापरणे मात्र शिक्षकाला शोभत नाही, आणि ओटीटीच्या वैयक्तिक खात्याच्या अटी वेगळ्या असतात. त्या वाचून घ्याव्यात. प्रमाणपत्रही पाहावे : आता ‘यूए’ गटात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे टप्पे आहेत.

‘श्यामची आई’, ‘टिंग्या’, ‘एलिझाबेथ एकादशी’ असे चित्रपट मराठीच्या तासाला पूर्ण दाखवायची गरज नसते. ‘टिंग्या’त बैलावर जीव लावणारा शेतकऱ्याचा मुलगा आहे. धान उत्पादकाच्या घरातल्या मुलांना तो परका वाटणार नाही. एक प्रसंग दाखवा आणि विचारा : बैल विकायला निघालेल्या बापाचे बरोबर की मुलाचे? निबंध आपोआप लिहिले जातील.

वीज, नेट आणि मुलांचे चेहरे

२०२३-२४ च्या यू-डायस अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे तेव्हा जवळपास निम्म्या शाळांत नेट नव्हते. यावर तोडगा आहे : ‘दीक्षा’वरचे अनेक साहित्य आधी मोबाइलमध्ये उतरवून नंतर नेटशिवाय दाखवता येते. विजेचे दुखणे जुने आहे. थकीत बिलापोटी शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या राज्यातल्या अनेक जिल्ह्यांतून येत राहिल्या. टीव्हीसाठी वर्गणी काढताना ग्रामपंचायतीने बिलाचाही ठराव करून घ्यावा. आणखी एक, पत्र्याखालच्या वर्गात पावसाळ्यात चित्रापेक्षा आवाजाची अडचण मोठी असते. संच घेताना मोठ्या पडद्याऐवजी बरा स्पीकर घेतलेला परवडतो.

मुलांनी बनवलेली फीत समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस मात्र आवरावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. चेहरे न दाखवता, हात आणि रोप दाखवूनही फीत बनते. पालकसभेत लावली तर प्रेक्षकही मिळतात.

त्या सभेत आणखी एक आकडा ठेवावा. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे ५७ टक्क्यांनी सांगितले; समाजमाध्यमे पाहिली असे ७६ टक्क्यांनी. मोबाइल मुलांच्या हातात शाळेने दिलेला नाही, तो घरातूनच आला आहे. तो कसा पाहायचा, कुठे थांबवायचा, पाहिलेले खरे की खोटे हे कसे ताडायचे, याचा तास वेळापत्रकात अजून नाही. तो घ्यायचा असेल तर मराठीचा तास आहे, विज्ञानाचा आहे, आणि शनिवारची सकाळची शाळाही आहे.