स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : ‘सुरक्षित’ आणि ‘यशस्वी’ या विशेषणांचा अर्थविचार

‘ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे’ किंवा ‘ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ ही विधाने व्याकरणदृष्ट्या पूर्ण असली, तरी अर्थदृष्ट्या ती अपुरीच होत. सुरक्षित ती किती मुदतीपर्यंत, कशाच्या तुलनेने, आणि यश मोजले ते कोणत्या मापाने, ही पदे अशा विधानांत अध्याहृत राहतात. तज्ज्ञ ती मनातल्या मनात भरून घेतो. रुग्णाला मात्र ती भरता येत नाहीत. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा निर्णय हा बहुधा न परतणारा निर्णय असतो, आणि तो घेणाऱ्याच्या हाती अनेकदा एक विशेषण व एक टक्केवारी याहून अधिक काही येत नाही. या अध्याहृत पदांचा उलगडा करणे आणि त्यांच्या आधारे या शस्त्रक्रियांच्या परिणामांची वस्तुस्थिती मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

१९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळचा मार्ग करून देण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. अन्न शोषले गेले नाही की वजन उतरणार, हे त्यामागील सरळ तर्कशास्त्र होते. आणि वजन खरोखरच उतरले. पुढील दोन दशकांत ही शस्त्रक्रिया अनेक रुग्णांवर करण्यात आली. परंतु काही वर्षांनी त्याच रुग्णांत न थांबणारे जुलाब, मूत्रपिंडातील खडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची तूट आणि क्वचित यकृत निकामी होणे असे विकार दिसू लागले. कित्येकांचे आतडे पुन्हा जोडून पूर्ववत करावे लागले, आणि कालांतराने ही पद्धती सोडून देण्यात आली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती फारशी घातक नव्हती. तिचा घात वर्षांनी प्रकट झाला. सुरक्षिततेच्या विधानात मुदतीचा उल्लेख का हवा, याचे उत्तर या प्रकरणात आहे.

याच सुमारास आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी दुसरा मार्ग धरला. व्रणामुळे जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते व सहसा वाढत नाही, या निरीक्षणावरून त्यांनी १९६६ मध्ये जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची रीत अवलंबिली. हीच पुढे सुधारत गेलेली गॅस्ट्रिक बायपास. १९९४ मध्ये ती दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता, करता येते हे विटग्रोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. जठराभोवती पट्टा बसविण्याची पद्धती मध्यंतरी लोकप्रिय झाली. परंतु पट्टा सरकणे, रुतणे व पुन्हा काढावा लागणे यांमुळे ती मागे पडली. आज जगात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह. तीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश वा अधिक भाग कायमचा काढून टाकून उरलेल्या जठराला बाहीसारखा निमुळता आकार दिला जातो.

या शस्त्रक्रिया केवळ पिशवी लहान करतात अशी समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. भूक व तृप्ती यांचे नियमन करणारी आतड्यातील संप्रेरके त्यांमुळे बदलतात. बायपासनंतर पुष्कळशा रुग्णांची रक्तशर्करा, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत सुधारते, याचा उलगडा केवळ पिशवीच्या आकारावरून होत नाही.

२. ‘सुरक्षित’ : मुदतीचा प्रश्न

या बाबतीत वारंवार उद्‌धृत होणारा आधार म्हणजे अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील ४,७७६ रुग्णांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, आणि मृत्यूसह एखादी गंभीर आपत्ती ओढवण्याचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. दुर्बिणीने केलेल्या बायपासमध्ये मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के होते, तर पोट उघडून केलेल्या बायपासमध्ये २.१ टक्के. मात्र हा फरक सर्वस्वी तंत्राचा नव्हे. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मुळातच अधिक आजारी होते. टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे, हे या काळातील मुख्य धोके होत.

हे प्रमाण अल्प आहे यात शंका नाही. परंतु ‘तीस दिवस’ ही पुस्ती गळून पडली की विधानाचा अर्थ पालटतो. बायपासनंतर आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकणे, जोडावर व्रण होणे, गोड खाल्ल्यावर घेरी व धडधड येणे हे उपद्रव महिन्यांनी वा वर्षांनीही संभवतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढते. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या यादृच्छिक विभागणीच्या चाचणीत दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह केलेल्यांपैकी ३१ टक्क्यांत, तर बायपास केलेल्यांपैकी ७ टक्क्यांत आढळला. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची पूर्ती आणि त्यांची रक्ततपासणी जन्मभर करावी लागते. सतत उलट्या होत राहिल्यास ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूला इजा पोहोचू शकते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर भिनते. एका अमेरिकी अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात ७.६ टक्के, तर नंतरच्या दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के भरले.

तात्पर्य, ‘सुरक्षित’ हे विशेषण शस्त्रक्रियेच्या दिवसाला लावावयाचे की त्यानंतरच्या आयुष्याला, हे प्रथम ठरविले पाहिजे. पहिल्या अर्थाने ते आज बहुतांशी सार्थ आहे. दुसऱ्या अर्थाने ते नियमित पाठपुराव्याच्या अटीवरच सार्थ ठरते.

३. ‘यशस्वी’ : छेदाचा प्रश्न

वजनघटीची टक्केवारी दोन प्रकारे सांगतात. एकीत छेद म्हणजे रुग्णाचे मूळ संपूर्ण वजन. दुसरीत केवळ ‘अतिरिक्त’ वजन, म्हणजे आदर्श मानलेल्या वजनाच्या वरचे. १.६० मीटर उंचीच्या व १२० किलो वजनाच्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. देहभारांक २५ हा आदर्श मानल्यास तिचे आदर्श वजन ६४ किलो आणि अतिरिक्त वजन ५६ किलो ठरते. शस्त्रक्रियेनंतर तिचे वजन ३६ किलोंनी उतरले. आता ‘३० टक्के वजन घटले’, ‘६४ टक्के अतिरिक्त वजन घटले’ आणि ‘देहभारांक ४६.९ वरून ३२.८ वर आला, म्हणजे व्यक्ती अद्याप स्थूलच आहे’ ही तिन्ही विधाने खरी आहेत; आणि तिन्हींत शरीर एकच आहे.

दुसरा भ्रम याहून सूक्ष्म आहे. त्याच उंचीच्या ९० किलो वजनाच्या व्यक्तीचेही ३० टक्के, म्हणजे २७ किलो, वजन घटले असे समजू. तिचे अतिरिक्त वजन २६ किलोच असल्याने घट १०४ टक्के भरते. शरीराच्या प्रमाणात परिणाम तोच असूनही हलक्या रुग्णाचे यश कागदावर मोठे दिसते. म्हणून दोन रुग्णालयांचे किंवा दोन देशांचे आकडे शेजारी मांडण्यापूर्वी छेद एकच आहे की नाही हे पाहणे अगत्याचे असते. उपर्युक्त फिनिश चाचणीत दहा वर्षांनी अतिरिक्त वजनातील घट स्लीव्हने ४३.५ टक्के व बायपासने ५०.७ टक्के होती. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात बायपासनंतर दहा वर्षांनी २५ टक्के घट नोंदली गेली; परंतु ती संपूर्ण वजनाची. एक यश दुसऱ्याच्या दुप्पट आहे असा निष्कर्ष येथे काढणे चुकीचे होय.

मुदतीचा प्रश्न यशालाही सोडत नाही. त्याच स्वीडिश अभ्यासात पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासने ३२, जठराला उभे टाके घालण्याच्या पद्धतीने २५ आणि पट्ट्याने २० टक्के वजन उतरले होते. दहाव्या वर्षी हे आकडे अनुक्रमे २५, १६ व १४ झाले. काही वजन परत येणे हा नियमच आहे, अपवाद नव्हे. येथे भाषेची एक खोड नोंदण्याजोगी आहे. वजन उतरते तेव्हा ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ असे म्हणतात, कर्ता शस्त्रक्रिया. ते परत येते तेव्हा मात्र ‘रुग्णाने वजन वाढवले’, ‘पथ्य पाळले नाही’ असे म्हणतात, कर्ता रुग्ण. एकाच प्रक्रियेच्या दोन टप्प्यांत कर्ता असा बदलण्यास शरीरशास्त्राचा आधार नाही. वजन घटले की भूक वाढविणे व ऊर्जेचा व्यय कमी करणे हा शरीराचाच धर्म आहे. या वाक्यरचनेचा प्रत्यक्ष परिणाम असा, की वजन परत येऊ लागलेला रुग्ण लाजेने तपासणीस येण्याचे टाळतो. आणि त्याची जीवनसत्त्वांची तूटही मग कोणाच्या लक्षात येत नाही.

४. ‘बरा’ की ‘उपशम’

मधुमेहाच्या बाबतीत हीच दक्षता हवी. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १५० रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत पाच वर्षांनी हिमोग्लोबिन ए१सी ६ टक्के वा त्याखाली असलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि केवळ औषधोपचाराच्या गटात ५ टक्के होते. शस्त्रक्रियेची सरशी निर्विवाद आहे. तरीही बहुसंख्य रुग्णांना ते लक्ष्य गाठता आले नाही, हेही त्याच आकड्यांतून निघते. स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी मधुमेह ७२.३ टक्के रुग्णांत मावळला होता. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३०.४ टक्के उरले. शस्त्रक्रिया न केलेल्या गटात ते अनुक्रमे १६.४ व ६.५ टक्के होते. म्हणून ‘मधुमेह बरा होतो’ यापेक्षा ‘मधुमेहाचा उपशम होतो’ हा प्रयोग यथार्थ होय. उपशम पावलेले पुन्हा उद्भवू शकते, हा अर्थ त्या शब्दात अंतर्भूत आहे.

५. आयुर्मान : तुलनेचा प्रश्न

अमेरिकेतील यूटा राज्यात बायपास झालेल्या ७,९२५ व्यक्तींची तितक्याच स्थूल व्यक्तींशी सरासरी ७.१ वर्षे तुलना करण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटात एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी आढळले. मधुमेहाने होणारे तर ९२ टक्क्यांनी. त्याच वेळी अपघात, आत्महत्या इत्यादी रोगेतर कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. एकूण आकडा समाधानकारक असला, तरी मानसिक आरोग्याची देखरेख हा शस्त्रक्रियोत्तर उपचाराचा भाग का असावा, हे या दुसऱ्या आकड्यावरून स्पष्ट होते.

स्वीडनमध्ये २,०१० शस्त्रक्रिया झालेल्या व २,०३७ न झालेल्या व्यक्तींचा पाठपुरावा १९८७ पासून होत आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे अपेक्षित आयुष्य न झालेल्यांपेक्षा ३ वर्षांनी अधिक, परंतु सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ५.५ वर्षांनी कमी होते. ‘आयुष्य वाढते’ हे विधान पहिल्या तुलनेने खरे. ‘आयुष्य निरोगी माणसाइतके होते’ हे दुसऱ्या तुलनेने खोटे. शिवाय या दोन्ही अभ्यासांत रुग्णांची विभागणी यादृच्छिक नव्हती, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

६. देहभारांक आणि भारतीय शरीर

शस्त्रक्रिया कोणावर करावी हे देहभारांकावरून ठरविण्याची प्रथा आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र बेल्जियन गणिती केटले याचे, एकोणिसाव्या शतकातील. रूढ इंग्रजी नाव त्याला १९७२ मध्ये अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने ४०, अथवा सहव्याधी असल्यास ३५, ही मर्यादा घालून दिली. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच मोजमापे दिली. दोघांचाही देहभारांक २२.३, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. एकच अंक दोन शरीरांत दोन अर्थ वाहतो, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी मर्यादा सहव्याधीविना ३५ वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे सुचविले. अर्थात मर्यादा खाली आली म्हणजे प्रत्येकाला शस्त्रक्रिया आवश्यक झाली असे नव्हे. शाकाहारामुळे ब-१२ ची तूट भारतीयांत आधीच व्यापक असल्याने येथे नंतरच्या देखरेखीचे महत्त्व अधिकच आहे.

शब्दांचा भार येथेही जाणवतो. चरकसंहितेत अतिस्थूलाची गणना ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात, म्हणजे आठ निंदितांमध्ये, केलेली आहे. उलट मराठीत ‘खात्यापित्या घरचा’ हा प्रयोग सुबत्तेचे कौतुक करतो. निंदा किंवा कौतुक, दोन्ही व्याधीच्या निदानाआड येतात. २०२१ नंतर सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड या औषधांच्या चाचण्यांत सरासरी १५ ते २१ टक्के वजनघट दिसली, आणि सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटीचा सुमारे दोनतृतीयांश भाग भरून आला. स्थूलता हा चिवट शारीरिक विकार आहे, केवळ इच्छाशक्तीचा अभाव नव्हे, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली.

उपसंहार

सारांश, तीव्र स्थूलतेवर, विशेषतः मधुमेह सोबत असता, शस्त्रक्रिया हा आज उपलब्ध असलेल्या उपायांपैकी सर्वांत परिणामकारक उपायांत मोडतो, आणि तिचा तात्काळ धोका अल्प आहे. परंतु हे विधान पूर्ण करावयाचे तर त्यात चार पदे घालावी लागतील : कोणती शस्त्रक्रिया, किती वर्षांनंतर, कोणत्या छेदाने आणि कोणाच्या तुलनेने. पाठपुरावा सुटलेले रुग्ण गणनेत धरले की वगळले, हे पाचवे पद कोणत्याही संशोधन-अहवालाच्या वाचकाने शोधले पाहिजे. कारण ज्यांना त्रास झाला ते परत आलेच नसतील, तर उरलेल्यांची सरासरी आपोआप उजळ दिसते. ही पाच पदे विचारण्यास वैद्यकाचे विशेष ज्ञान लागत नाही. विधान नीट वाचण्याची सवय मात्र लागते.