नोकरी लागली, पण फायनल बाकी आहे!

कॅम्पस इंटरव्ह्यू आणि प्रोजेक्टचं सबमिशन एकाच आठवड्यात आलं की काय होतं, हे फायनल इयरवाल्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी टाय लावून ॲप्टिट्यूड टेस्ट आणि संध्याकाळी ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या शिव्या! आता समजा, तुमच्या प्रोजेक्टचा डेमो अख्खा देश टीव्हीवर बघतोय आणि कुठल्या कंपनीने तुम्हाला बोलावलंय हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या काही असिस्टंट कोचची दर मे-जूनमध्ये अशीच गत होते.

याचं मूळ कॅलेंडरमध्ये आहे. एनबीएत टीम्स ३०, म्हणजे हेड कोचच्या खुर्च्याही ३०च. एकेका हेड कोचच्या हाताखाली मात्र असिस्टंटची मोठी फौज. प्रत्येकी ८२ मॅचेसची साखळी एप्रिलच्या मध्यावर संपते. तिथेच गारद झालेल्या टीम्सपैकी काहीजण लगेच आपल्या कोचला नारळ देतात आणि नवा शोधायला लागतात. त्यांना घाई असते, कारण जूनच्या अखेरीस ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, आणि त्याला लागूनच करार संपलेल्या खेळाडूंची पळवापळवी. हे सगळं नव्या कोचला विचारून व्हावं असं मालकाला वाटणारच.

इकडे ज्या असिस्टंटला मागणी, त्याची टीम बहुधा चांगली. म्हणजे ती प्लेऑफमध्ये! तिथे चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत जास्तीत जास्त सात मॅचेस, चार जिंकेल तो पुढे. अजिंक्यपदाला १६ विजय लागतात आणि ते मिळेपर्यंत जूनचा मध्य उजाडतो. आहे की नाही गंमत? टीम जितकी जिंकते तितका असिस्टंटचा भाव वाढतो, आणि इंटरव्ह्यूची तयारी करायला वेळ तितकाच कमी.

बरं, याच दिवसांत त्याचं रोजचं कामही सर्वांत जास्त असतं. पंधरा दिवस एकाच प्रतिस्पर्ध्याशी गाठ. काल रात्रीच्या मॅचचं फुटेज पुन्हा पुन्हा बघायचं, समोरच्याने कुठली चाल बदलली ते हुडकायचं, त्यावर उतारा काढायचा आणि उद्याच्या सरावात खेळाडूंच्या गळी उतरवायचा. इंटरव्ह्यूसाठी बोलावणाऱ्या टीमला आधी त्याच्या सध्याच्या टीमची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते, कारण अडवून ठेवलं तर पुढच्या वेळी चांगला माणूस आपल्याकडे असिस्टंट म्हणून येईल कशाला? मग मधल्या सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी हॉटेलात किंवा फोनवर बोलणी उरकायची.

टॉम थिबोडो हे याचं ठळक उदाहरण. १९८९ पासून एनबीएत असिस्टंट, हेड कोचची खुर्ची काही मिळेना. बोस्टन सेल्टिक्सचा बचाव त्याने बांधला. बॉल ज्या बाजूला असेल तिकडे एक माणूस जास्तीचा सरकवून आक्रमणाची वाटच कोंडायची, ही त्याची पद्धत. २००८ चं अजिंक्यपद सेल्टिक्सने त्याच बचावाच्या जोरावर मिळवलं. २०१० मध्ये लेकर्सविरुद्ध फायनल चालू असतानाच बातमी फुटली की थिबोडो शिकागो बुल्सचा हेड कोच होणार. वय ५२!

सेल्टिक्स ती फायनल सातव्या मॅचमध्ये ८३-७९ असे हरले. आता अशा वेळी 'त्याचं लक्षच नव्हतं' म्हणणारे भेटतातच. मला हे अजिबात पटत नाही. थिबोडोचं खातं बचावाचं, आणि त्या मॅचमध्ये कोबी ब्रायंटचे २४ पैकी फक्त ६ शॉट पडले. लेकर्सना ८३ वर रोखल्यावर असिस्टंटने आणखी काय करायचं? पुढच्या मोसमात त्याने आदल्या वर्षी ४१ मॅचेस जिंकलेल्या बुल्सना ६२ जिंकून दिल्या आणि 'कोच ऑफ द इयर' झाला.

ल्यूक वॉल्टनची कथा निराळी. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचा हेड कोच स्टीव्ह कर पाठीच्या दुखण्याने बाहेर होता. वॉल्टनने टीम सांभाळली आणि ४३ पैकी ३९ मॅचेस जिंकल्या. पण रेकॉर्डबुकात हे सगळे विजय करच्या नावावर! (मेहनत आपली आणि पेपरवर नाव गाइडचं, हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही.) एप्रिल २०१६ मध्ये, प्लेऑफ चालू असताना, लेकर्सने त्याला हेड कोच नेमलं. अर्थात नुसती फाइल बघून नव्हे, त्या ३९ विजयांमागे कोण होतं हे ठाऊक होतं म्हणून.

पण सर्वांत भन्नाट प्रकार घडला तो माइक ब्राऊनच्या बाबतीत. हा पूर्वी क्लीव्हलँड आणि लेकर्सचा हेड कोच होता. लेकर्सने तर २०१२ च्या मोसमात पाच मॅचेसनंतरच त्याला घरी पाठवलं होतं. नंतर तो वॉरियर्समध्ये करचा असिस्टंट झाला. ८ मे २०२२ ला बातमी आली की सॅक्रामेंटो किंग्जने त्याची निवड केली आहे. दुसऱ्याच दिवशी मेम्फिसविरुद्ध मॅच, आणि मॅचच्या काही तास आधी करला कोविड! म्हणजे ज्याची दुसरीकडे नोकरी पक्की झाली तोच माणूस आता टीमचा प्रमुख. ती मॅच वॉरियर्सने १०१-९८ अशी जिंकली. पुढची ३९ पॉइंट्सनी हरले (लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करा), आणि त्यापुढची जिंकून फेरी खिशात घातली. कर परतल्यावर ब्राऊन पुन्हा मुकाट्याने शेजारच्या खुर्चीत. जूनमध्ये वॉरियर्स चॅम्पियन झाले, मगच तो सॅक्रामेंटोला गेला.

तिथे १६ मोसम प्लेऑफचं तोंड न पाहिलेल्या किंग्जना त्याने पहिल्याच वर्षी ४८ विजय मिळवून दिले. आणि एप्रिल २०२३ मध्ये पहिल्याच फेरीत समोर कोण? वॉरियर्स! ज्यांच्या चाली त्याला तोंडपाठ, त्यांच्याचविरुद्ध सात मॅचेस. सातव्या मॅचमध्ये स्टीफन करीने ५० पॉइंट्स टाकले आणि किंग्ज बाहेर. करी काय करतो हे ठाऊक असणं वेगळं आणि त्याला थांबवणं वेगळं.

खुर्ची मिळाली म्हणजे टिकली असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये किंग्जने ब्राऊनला काढलं. पुढच्या जूनमध्ये न्यूयॉर्क निक्सने आपल्या हेड कोचला काढलं, तेही २५ वर्षांनी टीमला कॉन्फरन्स फायनलपर्यंत नेल्यावर. तो कोच म्हणजे टॉम थिबोडो. आणि जुलै २०२५ मध्ये त्या खुर्चीवर ज्याची नेमणूक झाली, तो माइक ब्राऊन.