माशीनं मासा

नदीतला ट्राउट एखाद्या दगडाआड ठाण मांडतो आणि वाहतं पाणी त्याच्या तोंडापर्यंत खाणं आणून देतं. धरणाचं पाणी उभं असतं, त्यामुळे तिथे माशालाच खाण्यामागे हिंडावं लागतं. तो किती खोलीवर हिंडतोय, हे ओळखणं म्हणजे निम्मी मासेमारी.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटला, मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशी ब्लॅगडनचं धरण आहे. ब्रिस्टलच्या पाण्यासाठी ते बांधलं आणि 1904पासून तिथे ट्राउटसाठी गळ पडू लागले. (आपल्या उजनीत हे जमायचं नाही, पाणी 20 अंशांच्या वर तापलं की ट्राउट सुस्तावतो.) ब्लॅगडन गावातले डॉ. हॉवर्ड बेल पकडलेल्या माशांची पोटं तपासत आणि जे सापडेल त्यासारखी माशी, म्हणजे गळावरचा नकली किडा, बांधत. तोवर भडक रंगांच्या, कशासारख्याच न दिसणाऱ्या माश्या चालत.

पोटात बरेचदा सापडतं ते न चावणाऱ्या चिलटाचं बाळरूप. त्याची अळी तळाच्या चिखलात राहते. तिथे प्राणवायू कमी, म्हणून तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि ती लालभडक दिसते. पुढे तिचा कोष होतो. तो वळवळत हळूहळू वर येतो आणि पृष्ठभागाखाली लटकून राहतो. चिलट बाहेर पडेपर्यंत तो असहाय असतो, आणि ट्राउट नेमका तेव्हाच त्याला टिपतो. या चिलटांचे थवे गुणगुणतात, म्हणून गळवाले त्यांना ‘बझर’ म्हणतात.

नकली बझर बांधायला 12 नंबरचा गळ, काळा दोरा, रुपेरी तारेचे वेढे, डोक्याशी नारिंगी ठिपका आणि वर वार्निशचा हात एवढं पुरतं. वार्निशमुळे ती गुळगुळीत होते आणि चटकन बुडते.

या माशीला वजन जवळपास नसतंच; ती फेकली जाते दोरीच्या वजनानं. 7 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 12 ग्रॅम भरतात. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. हे थांबणंच नवख्याला जमत नाही. घाई केली की चाबकासारखा फट् आवाज होतो आणि माशी तुटून जाते.

दोरीच्या टोकाला 15 फूट बारीक, पारदर्शक धागा. वारा आडवा घेऊन फेकायचं आणि ओढायचं जवळजवळ नाहीच. वाऱ्यानं दोरीला बाक येतो आणि माशी कोषाच्याच चालीनं सरकते. बोटांनी फक्त ढील गोळा करत राहायची. नजर काठीचं टोक आणि पाणी यांच्यामधल्या झोळावर. तो झोळ सरळ होऊ लागला की काठी उचला, झटका नको.

पहिला मासा जाळ्यात आला, की तो घरी न्यायचा असेल तर मारून लांब दांड्याच्या चमच्यानं त्याच्या पोटातलं काढतात आणि बशीतल्या पाण्यात सोडतात. काही कोष तेव्हाही वळवळत असतात. ते हिरवट निघाले, तर काळी माशी सोडून हिरवी बांधायची.