घडीच्या सुऱ्या जमवाव्यात का?

छंद माणसाला कोणत्या वयात गाठील याचा नेम नाही. पोस्टाची तिकिटे, काड्यापेट्यांवरची चित्रे, जुनी नाणी, अत्तराच्या कुप्या असे करता करता अलीकडे एक नवीच हौस माझ्या पाहण्यात येऊ लागली आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या बंगल्यात उतरणारी मुंबई-पुण्याची काही मंडळी जपानी घडीच्या सुऱ्या जमवू लागली आहेत. सुरी तळहातात मावेल एवढीच. मुठीवर कुठे फुजी पर्वत, कुठे पाच मजली देवालय, कुठे वेटोळे घातलेला ड्रॅगन. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. कोणी जपानच्या सहलीहून आणतो, कोणी घरबसल्या मागवतो, कोणाला परदेशातल्या जावयाकडून भेट येते. मी लोणावळ्यातच राहतो आणि पात्याच्या वस्तूंचा मला थोडा नाद आहे हे एकदा कळले, की प्रश्न ठरलेला: "काय हो, या जमवण्याजोग्या आहेत का?"

या प्रश्नाला 'होय' म्हटले तर अर्धे खोटे होते आणि 'नाही' म्हटले तरी तेवढेच. तेव्हा जरा मुळापासून पाहू.

तलवार गेली, चाकू आला

जपानात १८७६ साली सरकारने हुकूम काढला, की सैनिक, पोलीस आणि काही मानकरी वगळून कोणीही कमरेला तलवार लावून हिंडू नये. तलवारी घडवणाऱ्या आणि त्यांवर नक्षी करणाऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. त्यांतले कित्येक जण सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांकडे वळले. सेकी हे गाव तलवारींसाठी नावाजलेले; आज ते चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. ह्योगो प्रांतातले मिकी हे गाव हत्यारे-अवजारांचे. त्या मिकीत १८९० नंतरच्या दशकात एक साधी घडीची सुरी तयार होऊ लागली. तिचे नाव 'हिगोनोकामी', म्हणजे हिगो प्रांताचा अधिपती. नाव सरदाराचे आणि काम शाळकरी पोराच्या पेन्सिलीला टोक काढण्याचे!

ही सुरी समजून घ्यायला जपानला जाण्याची गरज नाही. न्हाव्याचा जुना वस्तरा ज्याने पाहिला आहे त्याने हिचे यंत्र पाहिले आहे. मूठ म्हणजे पितळेचा किंवा पोलादाचा दुमडलेला पत्रा. त्यात एका खिळीभोवती पाते फिरते. आत कमान नाही, कुलूप नाही. पात्याच्या मागच्या टोकाची एक शेपटी बाहेर राहते. उघडल्यावर ती अंगठ्याने दाबून धरायची, की पाते मिटत नाही. सारी करामत त्या खिळीच्या घट्टपणात. ती सैल झाली तर सुरी बोट कापील, फार आवळली तर उघडणार नाही. चांगल्या प्रतीच्या सुरीत मधोमध कडक पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड असते. म्हणजे धार टिकते आणि पाते तुटत नाही. विळ्या-कोयत्याच्या लोखंडी अंगाला पोलादाची धार जोडणाऱ्या आपल्या लोहाराला हे तत्त्व कोणी शिकवायला नको.

एके काळी जपानातल्या पोरासोरांच्या खिशात ही सुरी असे. पुढे १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत भर सभेत समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांचा एका सतरा वर्षांच्या मुलाने आखूड तलवारीने खून केला. त्यानंतर मुलांच्या हाती पाते नको अशी चळवळच देशभर उठली. त्यात बिचाऱ्या हिगोनोकामीचाही बळी गेला. पेन्सिलीला टोक काढायची यंत्रे आली आणि उरलेसुरले काम संपले. मिकीतले एकामागून एक कारखाने बंद पडले. आज ते नाव लावण्याचा हक्क असलेला एकच कारखाना तिथे उरला आहे.

नक्षी खरी कोणती?

ही झाली कामाची सुरी. हौशी मंडळी जमवतात ती बहुधा शोभेची. तिचे मूळ क्योटोत. तलवारीच्या मुठीपुढे जी चकती असते तिच्यावर सोन्यारुप्याचे काम करणारे कारागीर तलवारी गेल्यावर परदेशी प्रवाशांसाठी डब्या, सिगारेटच्या पेट्या आणि चिमुकले चाकू मढवू लागले. लोखंडावर बारीक उभ्याआडव्या रेघा पाडायच्या, त्यांत सोन्याची वा चांदीची तार ठोकून बसवायची आणि मागची जमीन काळी करायची, अशी ही रीत. कापडाच्या पोतासारख्या त्या रेघांवरून तिला 'नुनोमे' म्हणतात. आपल्याकडच्या कोफ्तगरीची ही सख्खी बहीण. असे हातकाम असलेला जुना चाकू मिळाला तर तो जरूर ठेवावा. पण आज पुष्कळदा मिळतो तो साच्यात दाबून काढलेला पत्रा. भिंगाखाली धरा: खऱ्या कामात तारेची कड हाताला किंचित लागते आणि दोन पाने कधी तंतोतंत सारखी नसतात. साच्यातली पाने जुळ्या भावंडांसारखी दिसतात.

पात्यावरच्या लाटांचेही तसेच. त्या नक्षीला 'दमास्कस' म्हणतात. त्या नावामागे आपल्या दख्खनचे पोलाद आहे याचा अनेकांना पत्ता नसतो. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावी मुशीत आटवलेले पोलाद शतकानुशतके पश्चिम आशियात जात असे. त्या पोलादाची नक्षी धातूच्या पोटातच तयार होई. आजच्या सुऱ्यांची नक्षी वेगळी. दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र ठोकतात आणि पाते तेजाबात बुडवतात. एक थर काळवंडतो, दुसरा चमकतो. हेही प्रामाणिक काम आहे. पण लबाडी अशी, की साध्या पात्यावर लेसरने वरवर चित्र काढूनही ते दमास्कस म्हणून खपवतात. म्हणून पाते उभे धरून त्याची पाठ पाहावी. खऱ्या थरांच्या रेषा एका अंगावरून पाठीवर चढून दुसऱ्या अंगावर उतरतात. खोटे चित्र कडेपाशी येऊन थांबते.

लोणावळ्याचा पाऊस

घेणे सोपे, राखणे कठीण. आणि मावळात तर फारच कठीण. लोणावळ्याला वर्षाकाठी दीडशे इंचांच्या पुढे पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात ढग खिडकीतून आत येतात, पापड सादळतात, पुस्तकांना बुरशी येते. तिथे पोलादाची काय कथा? कातड्याच्या म्यानात सुरी ठेवणे म्हणजे तिला गंजाच्या हवाली करणे. कातडे ओल शोषते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला बाधतात. सुरी कोरड्या सुती कापडाने पुसावी, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा, खिळीत एक थेंब सोडावा आणि लाकडी खणात मोकळी ठेवावी. खोबरेल लावू नये. ते कालांतराने चिकटते. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला करावे लागते. एवढी सेवा किती सुऱ्यांची होईल, हा हिशेब आधी करावा आणि मग जमवायला लागावे.

हा हिशेब न करणारे एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर माझ्याकडे आले होते. बंगला इथलाच, बिऱ्हाड पुण्यात. बरोबर पत्नी आणि एक भलीमोठी पेटी. पेटीत चाळीस जपानी सुऱ्या, सगळ्या कातडी म्यानांत. उघडल्या तर निम्म्यांवर तांबूस डाग. काहींची पाती तर उघडेनातच.

"एवढ्यांत सर्वांत जास्त काम कोणी केलंय?" मी विचारले.

"काम? छे हो! या कामाच्या नाहीत. शोभेच्या आहेत."

बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी आपल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. "हाही जरा बघता का? जुनं सामान भंगारवाल्याला द्यायचं काढलंय, त्यात निघाला."

अडकित्ता होता. वीतभर लांब, पितळी दांड्यांचा, टोकाशी समोरासमोर बसलेले दोन पोपट. पोपटांच्या डोळ्यांत हिरवट कळकट साचलेली. मी पाते पुसले, बिजागरीत तेल सोडले, घरातली एक सुपारी मागवली. अडकित्ता मिटला आणि सुपारीची दोन शकले तबकात पडली. धार अजून तशीच होती.

"सासूबाईंचा," बाई म्हणाल्या. "दुपारी जेवणं झाली की याचा आवाज यायचा. तो आला म्हणजे त्या आता आडव्या होणार, आम्हाला तासभर मोकळीक!"

गृहस्थांनी अडकित्ता हातात घेतला. दोनदा उघडला, मिटला. मग हळूच म्हणाले, "आईचा आहे, हे मला सांगितलं नाहीस." आणि लगेच, व्यवहार सुटू नये म्हणून, मला विचारले, "याचं काय येईल?"

"भंगारात पितळेच्या वजनाचं येईल," मी म्हणालो.

वर्तमानपत्र त्यांनी माझ्याच टेबलावर सोडले आणि अडकित्ता रुमालात बांधून नेला. पेटी मात्र साफसफाईसाठी महिनाभर माझ्याकडे होती.

आपलीही घडीची सुरी

अडकित्ता म्हणजे आपली घडीची सुरीच. दोन दांड्या, एक खीळ, एक पाते. सुपारी खिळीच्या जवळ, हात दूर. म्हणून थोड्या बळात कठीण सुपारी फुटते. इथेही सारे खिळीवर आहे. ती सैल झाली की पाते बाजूला सरकते, सुपारी निसटते. या यंत्रावर आपल्या कारागिरांनी पोपट, मोर, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या बसवल्या, पण त्या बसवताना यंत्राला धक्का लावला नाही. पोपटाची मान हाताच्या पकडीला सोयीची असते. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यार किंवा अडकित्ता देण्याची चाल कित्येक घराण्यांत होती. कोंडीत सापडलेल्या माणसाला आपण आजही अडकित्त्यातली सुपारी म्हणतो. मात्र ते म्हणणाऱ्यांच्या घरी अडकित्ता राहिलेला नाही.

ही गोष्ट फार आधी ओळखली ती पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. पत्नी कमलाबाईंच्या साथीने ते दिवे, दारे, भांडी, वाद्ये आणि अडकित्ते गोळा करीत हिंडले. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या त्या वास्तूत वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. तिथल्या अडकित्त्यांपुढे एक तास काढावा आणि मग जपानी सुरीचे मोल करावे. डोळा तयार झालेला असतो.

मग जमवाव्यात की नाही?

पैसे वाढतील म्हणून जमवीत असाल, तर जमवू नका. सोने मोडता येते. आपल्याकडे शोभेची सुरी विकायला निघालात तर गिऱ्हाईक शोधताना दमछाक होईल. संख्येसाठीही जमवू नका. तीन घ्या: एक हिगोनोकामी, एक क्योटोच्या हातकामाची, एक खऱ्या थरांच्या पात्याची. तिन्ही कोठून, कधी, कितीला घेतल्या हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि निदान एकीने तरी रोज फळ चिरा. दिवाळीच्या सुमारास मावळात भातकापणी चालू असते. वापरातला विळा चकचकीत दिसतो आणि आढ्याला खोचलेला गंजतो. सुरीही त्याच जातीची.

कायद्याचेही दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती अशा कामांसाठी बनवलेल्या तेवढ्या वगळल्या आहेत. खिशातली सुरी या मापात बसत नाही. तरी ती खिशात घालून गर्दीत हिंडू नये आणि विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नये. अडकित्ता शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या कायद्याने तो पुरावस्तू ठरू शकतो. अमेरिकेतल्या नातवाला पाठवण्याआधी चौकशी करावी.

जपानकडून घेण्याजोगे काय, हा प्रश्न मावळाला नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथे काच करायला शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपानात जाऊन ती विद्या शिकून आले होते. त्यांनी जपानी फुलदाण्या आणून कपाटात मांडल्या नाहीत. भट्टी कशी पेटवायची ते आणले.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली येईल. तिच्यात पानाचा डबा असेल, कदाचित अडकित्ताही निघेल. तो भंगाराच्या ढिगात टाकण्यापूर्वी बिजागरीत एक थेंब तेल सोडा आणि पाडव्याच्या जेवणानंतर एक सुपारी कातरून पाहा. चालला, तर तुमच्या संग्रहाची पहिली वस्तू तुम्हाला फुकट मिळाली. जपानी सुरी तिच्याशेजारी खुशाल ठेवा. ती तिथे शोभेल.