दाराची स्प्रिंग कुणाच्या मापाची?

नवं घर बांधताना ओट्याची उंची किती हवी, हे हल्ली घरातल्या बाईला विचारतात. फरशीचा रंग विचारतात, देवघर कुठे हवं तेही विचारतात. पण दार आत उघडावं की बाहेर, आपोआप मिटावं की उघडं राहावं, आणि मिटलंच तर किती जोरात मिटावं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला कधी कुणी विचारलंय? ते सुतार आणि घरातले पुरुष दुकानात उभ्या उभ्या ठरवून मोकळे होतात. त्या दारातून दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर मात्र आपण करतो. कधी हातात पाण्याची कळशी, कधी धुण्याची बादली, कधी कडेवर पोर. एक हात मोकळा असेल तर नशीब!

आमचं चांदीप वसई तालुक्यात असलं तरी वसई म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो समुद्र आणि केळीच्या बागा इकडे नाहीत. शिरसाडहून अंबाडीकडे निघालं की लागणारा हा पट्टा डोंगराचा, झाडीचा आणि भातशेतीचा. जुन्या घरांना पडवी असायची आणि पडवीला कमरेएवढं अर्धं दार. कोंबड्या, शेळ्या, कुत्री आत येऊ नयेत म्हणून. हवा आणि उजेड वरून यायचा. मग स्लॅबची घरं आली, डास वाढले, आणि लाकडी दाराच्या पुढे आणखी एक दार आलं, जाळीचं. या जाळीच्या दाराला सुतार एक लांब स्प्रिंग ठोकून देतो. दार उघडलं की ताणली जाते, सोडलं की दार ओढून घेते. बस, एवढंच यंत्र. पण या एवढ्याशा यंत्राने घरोघरी काय काय घडवलंय, ते पाहण्यासारखं आहे.

पावसाळ्यात आम्ही काही जणी आशाताईंबरोबर घरोघर फिरतो. टाक्या, पिंपं, टायर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या बघतो. बघता बघता मला दारांकडे बघायची सवय लागली. जाळीचं दार आहे, जाळीही धड आहे, पण दार नाडीने खिळ्याला बांधून सताड उघडं! कुठे वीट लावलेली, कुठे पाटा. एका घरात मी विचारलं, "अहो, दार उघडं का?" आजी म्हणाल्या, "ताई, ते दार मारतं." आधी मला हसू आलं. मग त्यांनी नातवाचा हात पुढे केला. अडीच वर्षांचं पोर, करंगळीचं नख गेलेलं आणि टोक वाकडं झालेलं. आई धुणं घेऊन बाहेर पडली, पोर मागे मागे आलं, आणि स्प्रिंगने दार खाडकन आपटलं. त्याच दिवशी बापाने स्प्रिंग उपटून फेकली. पुढे दोन महिने दार उघडंच राहिलं आणि श्रावणात थोरल्या मुलीला डेंग्यू झाला. आठ दिवस दवाखाना. डास त्या उघड्या दारातूनच आला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, शाळेतही चावला असेल. पण पैसे खर्चून बसवलेलं जाळीचं दार त्या घरात असून नसल्यासारखं होतं, हे तर खरंच ना?

आता हे दार असं का मारतं? इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम १६७८ साली छापला: जितकं ताणाल तितकी ओढ. (हा गृहस्थ मोठा धोरणी. दुसऱ्या कुणी श्रेय लाटू नये म्हणून आधी दोन वर्षं त्याने तो नियम नुसत्या उलटसुलट अक्षरांच्या कोड्यात छापून ठेवला होता!) म्हणजे दार पुरतं उघडलं की ओढ सगळ्यात जास्त आणि मिटत आलं की ओढ उतरलेली. पण खटका बसायला जोर लागतो तो नेमका शेवटच्या दोन बोटांवर. तिथे दार अडलं की सुतार काय करतो? स्प्रिंग आणखी ताणून ठोकतो. मग खटका बसतो खरा, पण स्प्रिंगला ब्रेक नसतो. सुटल्यापासून दार वेग घेत येतं आणि शेवटी आपटतं. मोठ्या माणसाची टाच सोलवटते, लहान मुलाचं बोट जातं.

त्यातही बिजागरीच्या बाजूची फट जास्त वाईट. आपण सगळ्या कडीच्या बाजूला लक्ष ठेवतो. पण अडकित्ता आठवा. सुपारी टोकाशी धरली तर कातरत नाही, खिळीजवळ सरकवली की कट्कन फुटते. दाराचंही तेच. बिजागरीजवळ हालचाल थोडी आणि दाब कितीतरी पट. रांगणारी, नुकती चालू लागलेली मुलं भिंतीला धरून उभी राहतात, तेव्हा त्यांचे हात नेमके तिथेच असतात. त्या फटीवर वरपासून खालपर्यंत रबराची किंवा रेक्झिनची पट्टी मारून घेता येते. खर्च किरकोळ, पण सुतार आपणहून कधीच सुचवत नाही.

आता दुसरी बाजू. दार मिटावं हे खरं, पण चोवीस तास नाही. पाणी आलं की दहा-बारा खेपा होतात, धान्याचं पोतं आत घ्यायचं असतं, आजारी माणसाला धरून बाहेर न्यायचं असतं. तेव्हा दार उघडं राहायला हवं, आणि ते हात न लावता. गंमत म्हणजे हे कामही तीच स्प्रिंग करू शकते. दार उघडत जाताना एक वेळ अशी येते की स्प्रिंगची दोन टोकं आणि बिजागरी एका रेषेत येतात. त्या क्षणी स्प्रिंग ताणलेली असते, पण तिला दार कुठेच वळवता येत नाही. त्याच्या अलीकडे ती दार मिटवते, आणि रेषा ओलांडली की तीच स्प्रिंग दार उघडं धरून ठेवते. भिंतीवरचं विजेचं बटण दाबताना जो 'टक' आवाज होतो ना, तो याच युक्तीचा. आतली इवलीशी स्प्रिंग मधली रेषा ओलांडून पलीकडे उडी मारते, म्हणून बटण अर्ध्यात राहत नाही. तारेच्या खटक्याने बंद होणाऱ्या काचेच्या बरणीचंही तेच: रेषा ओलांडेपर्यंत जोर लावावा लागतो, मग तार आपोआप घट्ट बसते. तेव्हा सुताराला सांगायचं, "दादा, स्प्रिंगचा मागचा आकडा चौकटीच्या जाडीत, बिजागरीच्या मागे असा लावा की दार काटकोनापलीकडे लोटलं की थांबलं पाहिजे." दोन-तीन जागी लावून बघावं लागतं. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या. अगदीच नाही जमलं तर पायाने पाडता येणारा रबरी बुडाचा स्टॉपर दाराला खाली लावून घ्या. विटेपेक्षा बरा. अंधारात विटेला ठेचकाळून पडलेल्या दोघी तरी मला माहीत आहेत.

जाळीच्या दारासाठी एवढा आटापिटा का, असं कुणी म्हणेल. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसना सापडले ते आपल्याच देशात, सिकंदराबादला, १८९७ साली. पण लोकांचा विश्वास बसेना. मग १९०० च्या उन्हाळ्यात सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर इटलीत रोमजवळच्या दलदलीत जाऊन राहिले. तो भाग हिवतापासाठी कुप्रसिद्ध. त्यांच्या खोपटाला दारं-खिडक्यांना सगळीकडे जाळी. दिवसा खुशाल बाहेर हिंडायचे, सूर्य मावळायच्या आत घरात शिरायचे ते सूर्य उगवल्यावरच बाहेर. ना औषध, ना धुरी. आसपासचे लोक तापाने फणफणत होते आणि हे मात्र शरद ऋतू येईपर्यंत ठणठणीत! हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून ते जमलं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवस कलताना. म्हणजे आपण दार सगळ्यात जास्त वेळा उघडतो त्याच वेळा. तेव्हा जाळीचं दार रात्रीपुरतं लावून आपलं भागत नाही. दिवसभर ते आपोआप मिटायला हवं.

ज्यांना परवडतं त्यांनी डोअर क्लोजर लावावा. बँकेच्या, दवाखान्याच्या दाराला वर तो डबा आणि कोपरासारखा दांडा असतो ना, तोच. आत स्प्रिंगच असते, पण भोवती तेल. ते तेल बारीक छिद्रातून सावकाश सरकतं, म्हणून दार हळू येतं. नळाची चकती आवळून धार बारीक करावी तसंच. डब्याला बहुधा दोन स्क्रू असतात. एक दाराच्या एकूण वेगासाठी, दुसरा शेवटच्या टप्प्यासाठी. पाव पाव फेरा फिरवून बघायचं. स्क्रू पूर्ण काढायचा नाही, नाहीतर तेल बाहेर येतं आणि क्लोजर कामातून जातो. दारावर तेलाचे ओघळ दिसले तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा घ्यावा. आणि आपल्याकडचा पाऊस विसरू नका. उन्हाळ्यात लोण्यासारखं फिरणारं दार आषाढात फुगतं आणि चौकटीला घासतं. मग लोक क्लोजर खराब झाला म्हणतात. तो बिचारा ठीक असतो, दाराची कड रंधून घ्यायची असते. साध्या स्प्रिंगला मात्र गंज खातो. पावसाआधी तेलाचं बोट फिरवावं.

अंगणाच्या फाटकाला तर स्प्रिंगही लागत नाही. वरची बिजागरी खालच्या बिजागरीपेक्षा किंचित तिरकी बसवली की फाटक उघडताना जरासं उचललं जातं आणि सोडलं की स्वतःच्या वजनाने परत येतं. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक असायचं. फक्त फाटक जड लोखंडी असेल आणि अंगणात मुलं खेळत असतील तर हा प्रकार करू नये, तिथे साधी कडी बरी.

आमच्या कितीतरी लेकी विरार, नालासोपाऱ्याच्या उंच इमारतींत नांदतात. तिथे जिन्याला एक जड दार असतं, आपोआप मिटणारं. वारा यावा म्हणून, ये-जा सोपी व्हावी म्हणून लोक त्याला कुंडी लावून ठेवतात. ९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका एकोणीस मजली इमारतीत विजेच्या हीटरने आग लागली. आग फारशी पसरली नाही, पण त्या घरातली माणसं पळाली आणि आपोआप मिटायला हवं होतं ते दार मिटलंच नाही. वर जिन्याचं आणखी एक दार उघडं राहिलं. धूर सगळ्या जिन्यात भरला आणि १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं. गेली ती धुराने. लेकीकडे मुक्कामाला गेलात की चहाच्या आधी त्या दाराची कुंडी बाजूला करा. ती रागावली तर माझं नाव सांगा.

क्लोजर घ्यायला जाताना दाराची रुंदी मोजून न्या आणि दार लाकडी, लोखंडी की ॲल्युमिनियमचं ते सांगा. क्लोजर दाराच्या रुंदी-वजनाप्रमाणे येतात. हलक्या जाळीच्या दाराला जड दाराचा क्लोजर लावला तर म्हातारीला ते ढकलवत नाही. बसवून झालं की सुताराला लगेच जाऊ देऊ नका. एकदा भरलेली कळशी घेऊन स्वतः जा-ये करा. एकदा सासूबाईंना उघडायला सांगा. मग शाळेत जाणाऱ्या पोराला. शेवटी दार अर्धं उघडून सोडा आणि मिटत आलं की आडवी पेन्सिल धरा. पेन्सिल मोडली तर स्क्रू पुन्हा फिरवायला लावा, आणि तोवर मजुरीचे पैसे आपल्याच हातात ठेवा.